तो अजून त्या डोंगरावरच आहे: एन्साइन जेसी ब्राउन

सागरगोटा | ३ डिसेंबर, रात्री १०:४०

उद्या ४ डिसेंबर. आपल्याकडे नौदल दिन, कराची बंदरावरच्या १९७१ च्या हल्ल्याची आठवण. पण गेली काही वर्षं मला या तारखेला अजून एक माणूस हमखास आठवतो, आणि तो आपल्या नौदलातला नाही, अमेरिकेच्या नौदलातला आहे. बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज बसलेच.

जेसी लेरॉय ब्राउन. जन्म १३ ऑक्टोबर १९२६, मिसिसिपी राज्यातलं हॅटिसबर्ग. घरचे दुसऱ्याच्या जमिनीवर वाट्याने शेती करणारे, घर म्हणजे लाकडी खोपटं, आणि गाव असं की काळ्या माणसाने गोऱ्याच्या वाटेत यायचं नाही. या मुलाला लहानपणी विमानांच्या कसरती बघायला नेलं आणि तेव्हापासून त्याच्या डोक्यातून विमान गेलंच नाही. १९३७ मध्ये, म्हणजे दहा-अकरा वर्षांचा असताना त्याने थेट राष्ट्राध्यक्ष रूझवेल्टना पत्र लिहिलं, की लष्कराच्या हवाई दलात काळे वैमानिक का नाहीत. व्हाइट हाउसमधून उत्तरही आलं. त्या वयात आपण कोणाला पत्र लिहीत होतो आठवून बघा.

पुढे ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीत शिकला, कारण त्याचा हिरो, धावपटू जेसी ओवेन्स, तिथे शिकलेला. दिवसा कॉलेज, मग मध्यरात्रीपर्यंत रेल्वेच्या यार्डात मालाचे डबे भरायचं काम. तिथूनच नौदलाच्या वैमानिक प्रशिक्षणाला अर्ज केला. तुझं काम नाही हे, असं सांगणारे भेटलेच, तरी सगळ्या परीक्षा पास होत गेला. २१ ऑक्टोबर १९४८ ला त्याच्या छातीवर वैमानिकाचे पंख लागले. राष्ट्राध्यक्ष ट्रूमननी सैन्यातला वर्णभेद संपवण्याचा आदेश त्याच वर्षी २६ जुलैला काढला होता, म्हणजे जेमतेम तीन महिने आधी. याचा अर्थ ट्रेनिंगचा जवळपास सगळा काळ त्याने त्या आदेशाच्या आधीच्या नौदलात काढला.

आणि डेझी. तिच्याशी त्याने ट्रेनिंग चालू असतानाच चोरून लग्न केलं, कारण कॅडेटला लग्नाची परवानगी नव्हती, कळलं असतं तर त्याच दिवशी घरी पाठवला असता. त्यांची मुलगी पामेला १९४८ च्या डिसेंबरात झाली.

१९५० ला कोरियाचं युद्ध पेटलं. जेसी तेव्हा एन्साइन, म्हणजे सगळ्यात कनिष्ठ अधिकारी, लेटी नावाच्या विमानवाहू नौकेवर ३२ नंबरच्या फायटर स्क्वाड्रनमध्ये, विमान कॉर्सेअर. नोव्हेंबरअखेर चिनी फौजांनी चोसिन जलाशयापाशी अमेरिकन मरीन सैनिकांना घेरलं. भयंकर थंडी, खाली हजारो माणसं अडकलेली, आणि त्यांना वरून आधार देणारी ही विमानं. ४ डिसेंबरला दुपारी सहा कॉर्सेअर निघाली. डोंगरांत खाली खाली उडत असताना कोएनिग नावाच्या सोबतच्या वैमानिकाने रेडिओवर सांगितलं की जेसी, तुझ्या विमानातून काहीतरी गळतंय. चिनी सैनिक बर्फात लपून एकदम बंदुका झाडायचे, त्यातलीच एखादी गोळी लागली असणार. इंजिन बसायला लागलं. पॅराशूट उघडायला उंची नाही, परत फिरायला ताकद नाही. डोंगराच्या कुशीत एक बर्फाळ उतार दिसला तिथे त्याने चाकं न काढता पोटावर विमान टेकवलं, शत्रूच्या हद्दीत जवळजवळ १५ मैल आत.

विमानाचं नाकाड तुटून वाकडं झालं. वरच्यांना वाटलं, गेला. मग काच सरकली आणि त्याने हात हलवला.

तो जिवंत होता, पण बाहेर येत नव्हता. पाय अडकला होता. पुढून धूर येत होता.

त्याचा विंगमन होता टॉम हडनर, २६ वर्षांचा, गोरा, मॅसॅच्युसेट्सचा, नेव्हल अकॅडमीतून आलेला. रँकने तो जेसीला वरिष्ठ, पण जेसीचा त्या विमानावरचा अनुभव जास्त म्हणून हवेत जेसी पुढे आणि हडनर त्याच्या बाजूला. हडनरने दोन-तीन चकरा मारल्या, हेलिकॉप्टर येतंय का विचारलं, आणि मग रेडिओवर सांगितलं की मी उतरतोय. आपलं धडधाकट विमान त्याने मुद्दाम चाकं न काढता जेसीच्या विमानाजवळ डोंगरावर आपटलं. पाठीला मार लागला तरी बर्फातून धडपडत गेला.

जेसीच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतं, हातात मोजे नव्हते, बोटं गोठत चाललेली. हडनरने आपली लोकरीची टोपी त्याच्या डोक्यावर चढवली, मफलर हातांना गुंडाळला, आणि आग विझावी म्हणून ओंजळींनी बर्फ भरत राहिला. ओढून काढायचा प्रयत्न केला, पण पाय रोवायला जागाच मिळेना. मग परत आपल्या विमानाकडे जाऊन रेडिओवर सांगितलं की हेलिकॉप्टरमधून कुऱ्हाड आणि आग विझवायचं नळकांडं पाठवा.

मरीनचा चार्ली वॉर्ड हेलिकॉप्टर घेऊन आला, कुऱ्हाड आणली. दोघांनी मिळून पत्र्यावर घाव घातले, कुऱ्हाड नुसती उसळत होती. जेसी शुद्धीत येत-जात होता. एकदा म्हणाला पाय कापा. ते करायलाही त्यांच्याकडे धड काही नव्हतं. डेझीला सांग माझं तिच्यावर प्रेम आहे, एवढं त्याने हडनरला सांगितलं. अंधार पडायला लागला, वॉर्ड म्हणाला रात्री हे हेलिकॉप्टर डोंगरातून काढता येणार नाही, तू ठरव. तोपर्यंत जेसीची हालचाल थांबल्यातच जमा होती. हडनरने त्याला सांगितलं की आम्ही परत येऊ तुला न्यायला, आणि निघाला.

जेसी तेव्हा २४ वर्षांचा होता. आदल्या रात्री बोटीवर बसून त्याने डेझीला पत्र लिहिलं होतं.

परत कोणी जाऊ शकलं नाही. ७ डिसेंबरला त्याचेच सोबती तिथून उडाले, तो अजून कॉकपिटमध्येच दिसत होता. विमान आणि तो शत्रूच्या हाती लागू नये म्हणून त्यांनी नापाम, म्हणजे सगळं जाळून टाकणारे बॉम्ब, टाकलं. ते टाकताना रेडिओवर प्रार्थना म्हटली.

पुढचं उद्या लिहिते. आत्ता नाही होणार.

---

रानजाई | ३ डिसेंबर, रात्री ११:१५

वाचताना घशात आवंढा आला. काच सरकली आणि हात हलवला, इथे मी थांबले आणि उठून पाणी प्यायले.

पुढचं नक्की लिही ग.

---

अर्धविराम | ३ डिसेंबर, रात्री ११:३२

मला आजवर वाटायचं की अमेरिकन सैन्यातला पहिला काळा वैमानिक हाच. बरोबर ना?

---

पानगळ | ४ डिसेंबर, सकाळी ६:५०

अर्धविराम, नाही. दुसऱ्या महायुद्धात टस्कीगीचे काळे वैमानिक लढले होते, पण ते लष्कराच्या हवाई दलाचे आणि त्यांची स्क्वाड्रनच वेगळी ठेवलेली. जेसी हा नौदलाचं वैमानिक प्रशिक्षण पूर्ण करणारा पहिला काळा माणूस. फरक मोठा आहे, कारण बोटीवर वेगळी स्क्वाड्रन, वेगळी खानावळ असं काही करता येत नाही. तीच बंक, तोच डेक, उतरताना तोच सिग्नल ऑफिसर. जेसीला रोज सकाळी त्याच लोकांत उठायचं होतं.

त्या दोघांची पहिली भेट हडनरने नंतर मुलाखतींमध्ये सांगितलेली आहे. कपडे बदलायच्या खोलीत जेसी आला, सगळ्यांना मानेने नमस्कार केला आणि लांबच उभा राहिला, हात पुढे केला नाही. समोरच्याने हात मिळवला नाही तर दोघांचीही पंचाईत, म्हणून आपणच हात मागे ठेवायचा, ही सवय अंगवळणी पडलेली. हडनर चालत गेला आणि त्याने हात पुढे केला. मला ही गोष्ट त्या बर्फातल्या प्रसंगाइतकीच महत्त्वाची वाटते, किंबहुना तो प्रसंग इथेच सुरू झाला असं वाटतं.

---

सरळ_रेष | ४ डिसेंबर, सकाळी ९:०५

लेख फार मनापासून लिहिलाय, जेसी ब्राउनबद्दल पूर्ण आदर आहे. पण एक गोष्ट खटकते ती बोलतोच, राग मानू नका.

हडनरने जे केलं ते भावनेच्या भरात केलं असं नाही का वाटत? एक विमान गेलं होतं, त्याने दुसरं घालवलं. एक वैमानिक अडकला होता, दुसरा शत्रूच्या हद्दीत जाऊन बसला. वर घिरट्या घालणाऱ्या बाकीच्या चौघांना आता दोन माणसांची राखण करायची. हेलिकॉप्टरवाल्याचाही जीव धोक्यात. आणि एवढं करून जेसी वाचला का तर नाही. खाली चोसिनला हजारो मरीन सैनिक या विमानांच्या भरवशावर होते. प्रत्येकाने असं करायचं ठरवलं तर युद्ध कसं लढणार?

---

शिडाचं_तारू | ४ डिसेंबर, सकाळी ९:४०

सरळ_रेष, प्रश्न रास्त आहे आणि तो तेव्हाही पडला होता. परत गेल्यावर कोर्ट मार्शल होणार असंच सगळ्यांना वाटत होतं. पण लेटीचे कॅप्टन सिसन यांनी उलट मेडल ऑफ ऑनर या अमेरिकेच्या सर्वोच्च शौर्यपदकासाठी शिफारस केली. त्या युद्धात नौदलाच्या माणसाला मिळालेलं ते पहिलं. कॅप्टन म्हणजे हिशोब न कळणारा माणूस नव्हता, एका कॉर्सेअरची किंमत त्याला आपल्यापेक्षा जास्त माहीत होती.

---

जुना_नाविक | ४ डिसेंबर, दुपारी १२:२०

मी सहसा इथे नुसता वाचतो. आज नौदल दिन, आणि सकाळपासून हा धागा उघडून बसलोय, म्हणून लिहितो. टायपिंगच्या चुका समजून घ्या.

मी नौदलात विमानांच्या देखभालीत होतो, १९७८ ला भरती झालो. वैमानिक नाही, विमान तयार करून देणारा आणि परत आल्यावर ताब्यात घेणारा. सरळ_रेष, तुमचा हिशोब कागदावर बरोबर आहे. पण बोटीवरचं सांगतो. सकाळी सहा विमानं गेली की डेकवरचा प्रत्येक माणूस परत येणारी मोजतो. कोणी सांगत नाही मोजा म्हणून. आकडा कमी आला की कोणी काही बोलत नाही, आपापलं काम करतात, पण त्या विमानाचा जो मेकॅनिक असतो तो रिकाम्या जागेपाशी घुटमळतो. माझंच काही चुकलं का, कुठला नट ढिला राहिला का, हे त्याच्या डोक्यात आयुष्यभर राहतं. गोळी लागून पडलं असेल तरी राहतं.

आणि जो वैमानिक रोज डेकवरून उडतो तो कशाच्या जोरावर उडतो? आपण पडलो तर आपली माणसं आपल्याला सोडणार नाहीत, एवढ्याच. तो विश्वास एकदा गेला की मग विमानं कितीही असू देत. हडनरने एक विमान घालवलं हे खरं, पण त्या दिवशी लेटीवरच्या प्रत्येक वैमानिकाला कळलं की मी पडलो तर कोणीतरी खाली येईल. ते कुठल्या हिशोबात धरणार?

कॉर्सेअरबद्दल थोडं. नाक एवढं लांब की डेकवर उतरताना वैमानिकाला समोरचं दिसतच नाही, म्हणून वळण घेत घेत यायचं आणि शेवटच्या क्षणी सरळ करायचं. त्या नाकात अठरा सिलिंडरचं अजस्र इंजिन. असं विमान पोटावर आपटलं की सगळा भार पुढे, आणि पुढचा भाग मोडला की तो वैमानिकाच्या पायांवरच येतो. कुऱ्हाडीने तो सांगाडा कापला जात नाही हो, बेत बदलायला वेळ होता असंही नाही. आज अपघाताच्या जागी पत्रा कापायची हायड्रॉलिक हत्यारं असतात, तेव्हा हातात जे होतं ते होतं. ती सुरुवातीची हेलिकॉप्टरं पण अगदी नाजूक, थोडं वजन नेणारी, डोंगरात रात्री उडवायची म्हणजे मरणच. वॉर्ड तिथपर्यंत आला हीच मोठी गोष्ट, त्याचं नाव फार कोणी घेत नाही.

---

सरळ_रेष | ४ डिसेंबर, दुपारी १:१०

काका, पटलं असं लगेच नाही म्हणणार, पण मोजण्याचं जे लिहिलंत ते डोक्यातून जात नाहीये. मनापासून धन्यवाद.

---

रानजाई | ४ डिसेंबर, दुपारी २:०५

मला त्या नापामबद्दल बोलायचंय. सगळीकडे ते भीषण म्हणून सांगितलं जातं आणि आहेच. पण काल रात्री झोप लागेना तेव्हा असं वाटलं की त्यांनी त्याला अग्नी दिला. जवळची माणसं होती, मंत्र म्हटले, आणि अग्नी दिला. आपल्याकडे याहून वेगळं काय करतात? युद्धात हरवलेल्या कितीतरी मुलांना एवढंही मिळत नाही.

---

पानगळ | ४ डिसेंबर, दुपारी २:३०

रानजाई, तुमची भावना समजते, पण मला ते तसं मानणं जड जातं. जेसी ख्रिस्ती, त्यांच्याकडे माती देतात, कबर असते, तिथे फुलं घेऊन जाता येतं. डेझीला ती जागा कधीच मिळाली नाही. बावीस-तेवीस वर्षांची बाई, पदरात दोन वर्षांचीही न झालेली मुलगी. अग्नी दिला म्हणून आपल्या मनाचं समाधान होईल, तिचं व्हायला हवं होतं असं नाही.

---

रानजाई | ४ डिसेंबर, दुपारी २:४८

हो. हे खरं आहे. मी तिच्या जागेवरून विचार केला नव्हता.

---

शिडाचं_तारू | ४ डिसेंबर, दुपारी ४:१५

थोडं अवांतर. त्याच डिसेंबर १९५० च्या सुरुवातीला आपली माणसंही उत्तर कोरियात होती. आपलं ६० पॅराशूट फील्ड अँब्युलन्स हे लष्करी वैद्यकीय पथक, लेफ्टनंट कर्नल रंगराज यांच्या हाताखाली प्योंगयांगला पोचलं आणि लगेच माघारीचा हुकूम आला. वाहनं नव्हती, औषधं-उपकरणं सोडून यायची तयारी नव्हती, म्हणून त्यांनी एक रेल्वे इंजिन हुडकलं, बादल्यांनी पाणी भरलं आणि सगळा दवाखाना गाडीत घालून सोलकडे आणला. एकाच आठवड्यात, त्याच थंडीत. आपण कोरिया म्हणजे कोणा दुसऱ्याचं युद्ध समजतो म्हणून लिहिलं.

---

सागरगोटा | ४ डिसेंबर, रात्री ९:२०

सगळ्यांचे प्रतिसाद वाचले. काकांचा तर तीनदा वाचला.

राहिलेलं लिहिते. १३ एप्रिल १९५१ ला व्हाइट हाउसमध्ये ट्रूमननी हडनरला मेडल ऑफ ऑनर दिलं तेव्हा डेझी तिथे हजर होती. ज्याला आपला नवरा वाचवता आला नाही त्याचा सत्कार बघायला ती आली. जेसीला मरणोत्तर डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस मिळाला. डेझी पुढे शिकली, शिक्षिका झाली. तिचा आणि हडनरचा संबंध शेवटपर्यंत टिकला. १९७३ मध्ये जेसीच्या नावाची फ्रिगेट, म्हणजे युद्धनौका, नौदलात दाखल झाली, त्या समारंभालाही दोघं होते.

फ्रँक पीटरसन नावाचा एक मुलगा तेव्हा नौदलात इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता, जेसीची हकीकत कळल्यावर त्याने वैमानिक व्हायचं ठरवलं. तो मरीन कोअरचा पहिला काळा वैमानिक झाला आणि पुढे लेफ्टनंट जनरलपर्यंत पोचला.

मला मात्र २०१३ साल सारखं आठवतं. हडनर ८८ वर्षांचे होते. ते त्या वर्षी जुलैमध्ये प्योंगयांगला गेले. उत्तर कोरियात, सरकारी परवानगी वगैरे काढून. कशाला, तर जेसीला शोधून परत आणायला. परत येऊ म्हणून सांगितलं होतं ना. त्रेसष्ट वर्षं झाली होती. तिथल्या अधिकाऱ्यांनी सांगितलं की आत्ता पावसाने रस्ते वाहून गेलेत, सप्टेंबरमध्ये या. ते डोंगरापर्यंत पोचू शकले नाहीत. २०१४ ला डेझी गेली, नोव्हेंबर २०१७ मध्ये हडनर गेले. पुढच्या वर्षी, १ डिसेंबर २०१८ ला, त्यांच्या नावाची विनाशिका दाखल झाली.

२०१८ मध्येच उत्तर कोरियाने सैनिकांच्या अवशेषांच्या ५५ पेट्या अमेरिकेला परत दिल्या. कोरियाच्या युद्धातले सात हजारांहून जास्त अमेरिकन अजून बेपत्ता आहेत. जेसी त्यातलाच एक.

सरळ_रेष, तुमच्या प्रश्नाला माझ्याकडे चांगलं उत्तर नाही. पण जो माणूस ८८ व्या वर्षी तिथे परत जातो त्याने १९५० ला ते भावनेच्या भरात केलं असेल असं मला नाही वाटत. भर ओसरतो ना हो.

---

अर्धविराम | ४ डिसेंबर, रात्री ९:४५

त्रेसष्ट वर्षं.

---

जुना_नाविक | ४ डिसेंबर, रात्री १०:३०

सागरगोटा ताई, हे सप्टेंबरमध्ये या म्हणाले ते मला माहीत नव्हतं.

आज तारीख ही आहे म्हणून आपल्या नौदलातल्या तिघांचं लिहून ठेवतो, कोणी वाचेल. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री आपली युद्धनौका खुकरी बुडाली. जिने बुडवली ती पाकिस्तानी पाणबुडी शोधायला आपली जहाजं आणि विमानं लागली. १० तारखेला कच्छच्या किनाऱ्याकडे समुद्रावर आपलं एक अलिझे त्या कामावर होतं. अलिझे म्हणजे पाणबुड्या शोधणारं पंख्याचं विमान, तीन माणसांचं, सावकाश उडणारं. समोर आलं पाकिस्तानचं स्टारफायटर लढाऊ विमान, आवाजाच्या दुप्पट वेगाचं. पळून जाण्याचा प्रश्नच नव्हता. तिघंही परत आले नाहीत.

मी भरती झालो तेव्हा अलिझेवरच काम केलं. माझ्या वरच्या चीफने पहिल्याच आठवड्यात आम्हा नव्या पोरांना उभं करून त्या तिघांची नावं पाठ करायला लावली होती. का ते सांगितलं नाही. तेव्हा आम्हाला वाटलं काहीतरी परीक्षेत येणार.

लेफ्टनंट कमांडर अशोक रॉय. लेफ्टनंट एच. एस. सिरोही. एअरक्रूमन विजयन.

अजून पाठ आहेत.